रकान्यातला राक्षस

दसऱ्याच्या रात्री हिंगोलीच्या रामलीला मैदानावर पन्नासेक फुटी रावण उभा असतो. दिवस कलला की आसपासच्या गावांतली माणसं पोराबाळांसह जागा धरून बसतात. कुणी प्रदर्शनात रेंगाळतं, कुणी आकाशपाळण्यापाशी, आणि एकदा का रावणाला आग लागली की सगळ्या मैदानाची मान एकाच दिशेला वळते. खाकीबाबा मठाच्या मानदास बाबांनी १८५५ च्या सुमारास हा उत्सव सुरू केला असं गावात सांगतात. रावण का जाळायचा हे तिथं कुणी विचारत नाही. राक्षस आहे, एवढं कारण पुरतं.

त्याच जिल्ह्यात, हिंगोलीपासून पंचवीसेक किलोमीटरवर औंढा नागनाथ आहे. ज्योतिर्लिंगाचं स्तोत्र ज्याला दारुकावन म्हणतं ते हेच, असा औंढेकरांचा दावा. गुजरातेत द्वारकेजवळचे लोक आणि उत्तराखंडातले जागेश्वरचे लोकही तोच दावा करतात, तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेतली मूळ गोष्ट मात्र वाचण्यासारखी आहे. दारुक नावाचा राक्षस आणि दारुका ही त्याची बायको. दारुकेला पार्वतीचा वर असतो: ती जाईल तिथं तिचं वनही तिच्यामागून जाईल. हे दोघं सुप्रिय नावाच्या शिवभक्त वाण्याला आणि त्याच्या सोबत्यांना कैदेत टाकतात. सुप्रिय धावा करतो, शंकर प्रकटतो, राक्षसांचा फडशा पाडतो आणि जाहीर करतो की यापुढे या वनात चारही वर्ण आपापला धर्म पाळून राहतील, तामसी जिवांना इथं थारा नाही. बहुतेक कथा इथं संपल्या असत्या. पण इथं पार्वती मध्ये पडते. तुमचं बोलणं युगाच्या शेवटी खरं होऊ दे, ती म्हणते, तोवर ही तामसी सृष्टीही राहू दे. दारुका माझी आहे, राक्षसांचं राज्य तिनं चालवावं. आणि शंकर ते मान्य करतो.

म्हणजे एकाच जिल्ह्यात राक्षसाचे दोन निकाल लागलेले आहेत. एकात त्याला दरसाल जाळायचं, दुसऱ्यात त्याच्या बायकोला राज्य द्यायचं. अमुक कुळात जन्मला म्हणून वाईट, ही कल्पना किती जुनी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिला लागलेली भोकंही तितकीच जुनी आहेत, हे सहसा कुणी सांगत नाही. आज अमेरिकेत भविष्यातल्या शहरांवरच्या खेळांभोवती जी कादंबऱ्यांची थप्पी साठली आहे, त्यातल्या लेखकांना आपण राक्षसाला माणसात आणलं म्हणून मोठं अप्रूप वाटतं. वाटू दे. पण या कामाचा एक रस्ता हिंगोलीवरूनही गेलेला आहे, आणि त्या रस्त्यावर एक छावणी लागते.

छावणीकडे जाण्याआधी आपल्या देवळांतून एक फेरी मारू. मणी आणि मल्ल या दैत्यांना मारायला शंकरानं मार्तंडभैरवाचं, म्हणजे खंडोबाचं रूप घेतलं, असं मल्हारी माहात्म्य सांगतं. मरताना मणीनं मागितलं की तुझ्या देवळात माझी मूर्ती असावी आणि मला बोकडाचं मांस मिळावं. मल्लाचं नाव देवाच्या नावात गेलं, मल्हारी झालं. जेजुरीच्या पायऱ्या चढणारा भाविक मणीलाही हात जोडून पुढं जातो. म्हसोबाचं तर विचारूच नका. दामोदर धर्मानंद कोसंबींनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त (१९६२) दाखवलं की महिषासुर म्हणून देवी ज्याला तुडवते तोच कितीतरी गावांत बांधावरचा शेंदूर फासलेला राखणदार आहे, आणि काही ठिकाणी तर त्याचं देवीशी लग्नही लागलेलं आहे. इकडे वाशीम ओलांडून अकोला जिल्ह्यात गेलं तर पातूर तालुक्यातल्या सांगोळ्यात रावणाचीच मूर्ती पूजेत आहे. दरवर्षी दसऱ्याला वार्ताहर तिथं जातात आणि दरवर्षी नव्यानं आश्चर्य करतात.

या जुन्या तोडग्याची एक खुबी आहे. मणी चांगला होता असं कुणी म्हणत नाही. त्याला शुद्ध करून घेतलेलं नाही, त्याचं मांस सोडवलेलं नाही. तो जसा होता तसाच दारात बसला. अमेरिकन कादंबरीला इथवर यायला फार वेळ लागला, आणि अजूनही ती पुरती आलेली नाही.

पण देवळात जागा मिळाली तरी वहीत मिळाली नाही. लग्न जुळवायची पत्रिका उघडा. वर्ण, वश्य, तारा, योनी असे एकेक रकाने आणि मध्येच ‘गण’. सत्तावीस नक्षत्रांची तीन गणांत वाटणी: नऊ देव, नऊ मनुष्य, नऊ राक्षस. मघावर जन्मली, चित्रावर जन्मली, मूळावर जन्मली, की पोरगी राक्षसगणी. छत्तीस गुणांपैकी सहा गुण गणाचे. पोरगी स्वभावानं गरीब गाय असो, बँकेत अधिकारी असो, रकान्यात राक्षस लिहिलेलं असतं आणि ‘गण जुळत नाही’ या तीन शब्दांत स्थळ परत जातं. पुढं ज्या खेळांबद्दल मी बोलणार आहे, त्यांत प्रत्येक पात्राचा असाच एक तक्ता असतो, जन्मकुळावरून गुणांची बेरीज-वजाबाकी करणारा. मराठी घरात तो तक्ता समजावून सांगायची गरज पडू नये.

आता छावणी.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंगोली हे निजामाच्या फौजेचं इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालचं ठाणं होतं. त्या फौजेत फिलिप मेडोज टेलर नावाचा तरुण अधिकारी होता. १८२४ साली, पंधराव्या-सोळाव्या वर्षी तो मुंबईत एका व्यापाऱ्याकडे कारकुनीला म्हणून आला आणि तिथून निजामाच्या चाकरीत शिरला. (पुढं यानंच नळदुर्गाकडचा कारभार पाहिला आणि तुळजापुरापासून सुरू होणारी ‘तारा’ लिहिली. मराठवाड्यानं त्याला विसरावं इतका तो परका नाही.) १८३९ साली त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लंडनमध्ये निघाली आणि तुफान खपली. तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या छावणीची हकिकत आहे.

छावणीच्या बाजारात हरीसिंग नावाचा एक कापडाचा व्यापारी होता. आब राखून असलेला माणूस. टेलरनं स्वतः त्याच्याशी व्यवहार केलेले. एकदा त्यानं मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे मुंबईहून कापड आणायला परवाना मागितला. तो माल दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचा होता, तो मालक स्वतः घेऊन येत होता, आणि हरीसिंगला ते पक्कं माहीत होतं. त्यानं वाटेत त्या मालकाला, नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना मारलं, सरकारी परवान्यावर माल हिंगोलीत आणला आणि उजळ माथ्यानं छावणीत विकला. ठग म्हणून पकडल्यावर त्यानं ही गोष्ट एखादा मजेदार किस्सा सांगावा तशी सांगितली. छावणीच्या मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांत माणसं मारली गेली होती आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली होती. ती थडगी उकरताना टेलर हजर होता.

ही हकिकत नीट पाहिली तर तिच्यात राक्षस कुठंच नाही. आहे तो परवाना, दुकान, ओळखपाळख आणि साहेबाचा विश्वास. घाबरायचं तर याला घाबरावं, की खुनी ओळखू येत नाही. पण कंपनी सरकारनं नेमका उलटा धडा घेतला: खुनी जातीवरून ओळखता येतो. १८३६ च्या तिसाव्या कायद्यानं आधीच ठरवून टाकलं होतं की माणूस ठगांच्या, म्हणजे वाटेत प्रवाशांना मारून लुटणाऱ्यांच्या, टोळीत होता एवढं सिद्ध झालं तरी जन्मठेप. अमुक खून त्यानं केला हे दाखवायची गरज नाही. गुन्हा करण्यापेक्षा ‘असणं’ मोठं झालं.

टेलरची कादंबरी याच्याशी विचित्र रीतीनं भांडते. तिचा नायक अमीर अली स्वतःच्या तोंडानं आपली कहाणी सांगतो, देखणा आहे, बोलण्यात अदब आहे, ७१९ खून केल्याची बढाई मारतो. आणि तो जन्मानं ठग नाही! त्याच्या आईबापांना इस्माईल नावाच्या ठगाच्या टोळीनं मारलं आणि इस्माईलनं पोराला मुलगा म्हणून वाढवलं. टेलर काही ठगांचा कैवारी नव्हता, पुस्तक सनसनाटीसाठीच लिहिलेलं आहे आणि हिंदुस्थानी माणसाविषयी त्यात पुष्कळ आगाऊपणाही आहे. पण राक्षसाला ‘मी’ म्हणू दिलं की लेखकाच्या हातातून काहीतरी निसटतं. चारशे पानं त्याचं ऐकल्यावर वाचकाला रकान्यावर विश्वास ठेवणं जड जातं.

कायद्याला जड गेलं नाही. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा विणकर, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार, असा त्यामागचा हिशेब. आपल्या जातिव्यवस्थेनं इंग्रजांना दाखला आयता पुरवला, ही आपल्याकडची बाजू विसरू नये. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर हे जाळं आणखी पसरलं. पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींची नावं यादीत चढली, रोजची हजेरी लागली, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. त्या कुंपणात जन्मलेलं पोर पाळण्यातच संशयित असायचं.

१८७१ नंतर दोनच वर्षांनी पुण्यात जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ आली. धोंडीबा प्रश्न विचारतो, जोतीराव उत्तरं देतात, आणि दशावताराची सगळी भिंत उलट बाजूनं रंगवली जाते. वराह, नरसिंह, वामन, परशुराम हे परके हल्लेखोर. हिरण्यकश्यपू आणि बळी हे इथले राजे. राक्षस म्हणजे रक्षण करणारे. नरसिंह हा सोंग घेऊन खांबाआड दडलेला मारेकरी. आणि बळीच्या राज्यात नुसता चांगुलपणा नव्हता, खाती होती: खंडोबा, जोतिबा, म्हसोबा यांना फुल्यांनी बळीचे अंमलदार केलं, मुलूख वाटून दिले. व्युत्पत्त्या आज भाषाशास्त्रात टिकणार नाहीत. मला त्याचं फारसं काही वाटत नाही, कारण फुल्यांना कोश करायचा नव्हता. गोष्ट ज्यांनी लिहिली ते जिंकलेले होते, हे त्यांना शेतकऱ्याला पटवायचं होतं, आणि शेतकऱ्याच्या घरात ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणत ओवाळणारी बाई आधीच होती. पुढं आ. ह. साळुंखे यांनी ‘बळीवंश’मध्ये तोच धागा ग्रंथांचे दाखले देत विणला. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) खांडववन जाळण्याला पराक्रम मानायला नकार दिला, ते त्या वनात राहणाऱ्यांचं शिरकाण होतं असं त्यांनी सरळ लिहिलं.

आता समुद्रापलीकडे. टोल्कीनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधले ऑर्क हे या घराण्याचे परदेशी भाऊबंद. १९५८ च्या एका पत्रात खुद्द टोल्कीननं त्यांचं वर्णन बसकं नाक, पिवळट कातडी, तिरके डोळे असं करून त्यांना युरोपीय डोळ्यांना न आवडणाऱ्या मंगोल चेहऱ्यांची बिघडलेली आवृत्ती म्हटलं. एक अख्खी जात सुधारण्यापलीकडे वाईट कशी असेल, ही बोच त्याच्या धार्मिक मनाला होतीच, पण गोष्टीत ते तसेच राहिले. १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला आणि वर्णनाचे आकडे झाले. १९७८ च्या नियमपुस्तकात अर्ध-ऑर्क पात्र घेतलं की ताकदीत एक गुण जास्त, काटकपणात एक जास्त, आणि मोहकपणातून दोन वजा. गणाचा रकाना तिकडेही निघाला.

तिथं आपला राक्षसही भेटतो. १९७५ च्या डिसेंबरात या खेळाच्या मासिकात आणि १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये तो अवतरला: वाघाचं तोंड, उलटे तळवे, अंगात गुळगुळीत कोट, हातात चिलीमवजा पाइप. तो तिथं वाल्मीकींकडून गेला नव्हता. १९७४ मधल्या एका अमेरिकन भुताटकीच्या दूरदर्शन मालिकेतला एक भाग पाहून खेळाच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सनं तो उचलला. मंतरलेल्या बाणानं मरतो हेही तिथूनच आलं. लंकेतून निघालेला गृहस्थ अमेरिकन दूरदर्शनमार्गे फाशांच्या खेळात गेला आणि आज पुण्या-मुंबईतली पोरं त्याच्याशी त्या वाघतोंड्या रूपातच लढतात. दहा-वीस वर्षांत आपल्याकडचं एखादं चित्रही तसंच निघालं तर नवल वाटू नये.

१९८४ साली विल्यम गिब्सनच्या ‘न्यूरोमॅन्सर’नं सायबरपंकला आकार दिला: सरकारपेक्षा मोठ्या कंपन्या, मेंदूला जोडलेली यंत्रं, पावसात भिजलेलं महानगर, आणि तळाशी चोरीमारी करून जगणारी माणसं. १९८९ मध्ये फासा या कंपनीनं ‘शॅडोरन’ हा खेळ काढला आणि त्या महानगरात ऑर्क, ट्रोल, एल्फ, बुटके आणून सोडले. गिब्सनला ही मिसळ अजिबात रुचली नाही. पण करणाऱ्यांनी एक जबरदस्त चाल खेळली होती. या जगात ऑर्क डोंगरापलीकडून येत नाहीत, ते घरात होतात. खेळाच्या पंचांगाप्रमाणे ३० एप्रिल २०२१ रोजी जगातला दर दहातला एक माणूस वेदनेनं तळमळत ऑर्क किंवा ट्रोल झाला. (खऱ्या २०२१ च्या एप्रिलमध्ये आपण ऑक्सिजनच्या नळकांड्या शोधत होतो, हा भाग निराळा.) काल शेजारी होता, आज राक्षसगणी. मग त्यांच्यासाठी शिव्या तयार झाल्या, ‘शुद्ध’ माणसांची संघटना निघाली, ऑर्क सिअ‍ॅटल शहराच्या खालच्या भुयारांत राहायला गेले.

खेळाबरोबर कादंबऱ्या निघू लागल्या. असल्या पुस्तकांना समीक्षक हिंग लावून विचारत नाहीत आणि बऱ्याच वेळा ते योग्यच असतं. पण रॉबर्ट शॅरेटच्या पहिल्या त्रयीत (१९९० पासून) एक जागा आहे. सॅम व्हर्नर हा एका जपानी कंपनीचा चाकोरीतला नोकर. त्याची बहीण जॅनिस बदलते. कंपनी त्याला तिचा ठावठिकाणा सांगत नाही, भेटू देत नाही. अशा ‘बदललेल्यां’ना एका बेटावर पाठवून दिलं जातं. कुणी तलवार उपसत नाही. फक्त अर्ज पुढं सरकत नाही आणि सॅमची कंपनीतली किंमत उतरते. ज्याच्या घरात एखादी बहीण ‘गेली’ म्हणून बाकीच्यांची सोयरीक अडली आहे, त्याला हे पान वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरी, ख्रिस कुबासिकची ‘चेंजलिंग’ (१९९२). पीटर क्लॅरिस हा हुशार मुलगा ऐन वयात ट्रोल होतो. खेळाच्या नियमपुस्तकात ट्रोलच्या बुद्धीतून दोन गुण वजा. पीटर मात्र पुन्हा माणूस व्हायचा उपाय शोधत जीवशास्त्र शिकतो, आणि गुंडांच्या सोबतीत मठ्ठ असल्याचं सोंग करतो, कारण ट्रोलकडून तेवढीच अपेक्षा असते. कंपनीनं तक्ता छापायचा आणि तिच्याच कादंबरीकारानं तो खोटा पाडायचा, हे मला त्या पुस्तकातल्या कुठल्याही मारामारीपेक्षा रंजक वाटतं.

तरी या मालाची एक खोट सांगितलीच पाहिजे. या कादंबऱ्यांत ट्रोल खरोखरच दीड माणसाएवढा आहे, त्याचे सुळे खरे आहेत. म्हणजे वंशद्वेष चूक असं सांगताना लेखक फरक मात्र खरा मानून चालतो. पारध्याच्या पोरात आणि पाटलाच्या पोरात असा कुठला सुळा आहे? रूपक म्हणून ऑर्क वापरला की काळ्या माणसाची, दलिताची, विमुक्ताची बाजू घेता घेताच त्याला वेगळी जीवजात करून ठेवलं जातं. शिवाय राक्षसाला माणुसकी सिद्ध करायला हुशार किंवा हळवं असावं लागतं. मणीला तसलं काही सिद्ध करावं लागलं नव्हतं.

आपल्याकडे हे काम रूपकाशिवाय झालं, आणि म्हणून ते जास्त टोचतं. लक्ष्मण मान्यांची ‘उपरा’ १९८० ची, लक्ष्मण गायकवाडांची ‘उचल्या’ १९८७ ची, दोन्ही आत्मकथनं. गायकवाड लातूरकडच्या धनेगावचे, ज्या जमातीवर चोरीचा शिक्का त्या जमातीतले. पोरगं शाळेत जायला लागतं आणि वस्तीतली माणसंच म्हणायला लागतात की याच्या शाळेमुळं आपल्यात रोगराई आली. शिक्का मारणाऱ्यानंच नव्हे तर ज्याच्यावर मारला त्यानंही तो खरा मानावा, हे कुठल्याही कल्पनारम्य लेखकाला सुचलेलं नाही. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला मिळाला. अलीकडं मराठवाड्यातल्याच शरद तांदळे यांची ‘रावण – राजा राक्षसांचा’ ही कादंबरी तरुण पोरांच्या हाती सर्रास दिसते. ती साहित्य म्हणून मला बेताची वाटली. पण हिंगोलीत रावण जाळलेला पाहून घरी जाणारा वाचक रात्री त्याच रावणाची बाजू वाचतो, हे मोठं आहे.

तक्ते बदलायला मात्र गोष्टींपेक्षा जास्त वेळ लागतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या कंपनीनं २०२० मध्ये कबूल केलं की ऑर्कांना जन्मानं दुष्ट दाखवणं चुकीचं होतं, २०२२ मध्ये ‘रेस’ हा शब्द सोडायचं जाहीर केलं, आणि सप्टेंबर २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात कुळावरून गुण कापणं उरलं नाही. गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला होता, पण सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांतून आणि तुरुंगांच्या नियमावल्यांतून तो पाझरत राहिला. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगात जातीवरून कामं वाटली जातात हे उघड केलं आणि त्यांच्याच याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. खेळाचं ते नवं नियमपुस्तक बाजारात येऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका, आणि तीन महिन्यांत नियमावल्या दुरुस्त करा, असा आदेश राज्यांना झाला.

पत्रिकेतला गणाचा रकाना अजून छापला जातो. तो भरायचा की कोरा ठेवायचा, हे ठरवायला कुठल्याही न्यायालयाची गरज नाही.